खोडदचा ऊस

दोन हजार तीनच्या थंडीत आदेश आणि वृषाली हे नवरा-बायको दिल्लीहून सायकलींवर निघाले होते. दीड महिन्यानं खोडद आलं. अवसरीचं घर आता दोन-तीन तासांवर. वृषाली जरा पुढं होती. इतक्यात उसातून बिबट्या निघाला आणि दोघांच्या मधोमध रस्त्यात उभा राहिला.

वृषालीनं मागं पाहिलं, सायकल वळवली आणि घंटी वाजवत, ओरडत थेट बिबट्याच्या रोखानं आली. तो दचकून उसात शिरला.

"तुला काय झालं न्हाई ना?" तिनं धापा टाकत विचारलं.

"न्हाई."

मग तिचं लक्ष त्याच्या सायकलीकडं गेलं. ती आल्या वाटेकडं तोंड करून उभी होती.

"माणसं बोलवायला चाललो व्हतो," आदेश पुटपुटला.

"तू हो म्होरं," वृषाली म्हणाली, "आता मागं मी राहते."