अठ्ठेचाळिसावं मत

"अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस," रॉय स्टबलफील्डनं वाचलं, चष्मा सारखा केला आणि पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्या खेपेला त्याचा आवाज खाली आला होता. ठराव त्यानंच मांडला होता, पण जिंकायचं तर दणकून, अशी त्याची अपेक्षा असावी. चर्चचे पाळक हार्लन ट्रेडवे यांची सेवा आजपासून संपली, असा तो ठराव. मंजूर झाला.

हार्लन दारात उभा होता. मतदान चालू असताना त्याला शेजारच्या बालवर्गात बसवलं होतं, वीतभर उंचीच्या खुर्चीवर. गुडघे अजून धरलेले होते. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या या गावाला तेवीस वर्षं त्यानं उपदेश केला होता. आकडे ऐकल्यावर त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर कुठेतरी जरा टेकायला मिळालं तर बरं.

भांडण सप्टेंबरात सुरू झालं. निवडणूक तोंडावर आली होती आणि रॉयनं आपल्या पक्षाच्या उमेदवाराला रविवारच्या उपासनेत भाषणाला बोलावलं. हार्लननं नाही म्हटलं.

"त्याला पहिल्या बाकावर बसव, आपल्याबरोबर गाणी म्हणू दे, नंतर पोटभर जेवू घाल. मत मीही त्यालाच देणार आहे. पण या व्यासपीठावरून फक्त देवाच्या नावाचा प्रचार होतो, रॉय."

"देश बुडत चाललाय, ब्रदर हार्लन, आणि तुम्ही लाकडाच्या एका फळीसाठी अडून बसलाय!"

गर्भपात असो, लग्न असो, शाळेतली पुस्तकं असोत, हार्लनचं चर्चच्या मंडळीशी कशातच दुमत नव्हतं. दुसऱ्या पक्षाला त्यानं जन्मात मत दिलं नव्हतं. तरीही पाळकाची मतं बदलली, अशी बोलवा उठली. उमेदवार निवडून आला, भांडण मात्र मिटलं नाही. आठ कुटुंबं हायवेवरच्या मोठ्या चर्चमध्ये निघून गेली. वाणसामानाच्या दुकानात लोक त्याला पाहून दुसरीकडे वळू लागले. तिकडे डेन्व्हरला राहणारी त्याची मुलगी दोन वर्षं फोन उचलत नव्हती. तिच्या लेखी बाप कट्टर, मंडळीच्या लेखी मवाळ. डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि हे काम आता सोडा म्हणून बजावलं. "ईस्टर होऊ दे," हार्लन म्हणाला. ईस्टर झाला. मग म्हणाला, "कळप असा पांगलेला असताना पाळकानं उठून जायचं नसतं. देवानं इथं ठेवलंय, हलवायचं तेव्हा तोच हलवेल."

आणि आज मे महिन्यातल्या रविवारी दुपारी त्याला हलवलं होतं.

मागच्या दालनात जेवण मांडून ठेवलेलं होतं, पण कुणी बसलं नाही. बायका आपापली झाकलेली भांडी उचलून गाड्यांकडे निघाल्या. दोघी-तिघी रडत होत्या. रॉय हात पुढे करून आला.

"मनात काही ठेवू नका, ब्रदर हार्लन."

हार्लननं हात हातात घेतला. "पुढच्या रविवारी तुझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. पाण्यात बुडवतात त्या कुंडाचा हीटर सहा तास आधी लावावा लागतो. कुणाच्या लक्षात राहत नाही. पोरगं कुडकुडेल."

रॉय मान हलवत राहिला.

गाडी हार्लनच्या बायकोनं, वर्नानं, चालवायला घेतली. ती मुळातच कमी बोलणारी होती. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्यानं भरलेली होती.

"अठ्ठेचाळिसांतल्या सत्तेचाळीस जणांबद्दल मला काही वाटत नाही," हार्लन म्हणाला. "त्यांचा राग मला पहिल्यापासून माहीत होता. पण एकच मत इकडे वळलं असतं तर ठराव पडला असता, वर्ना. एक माणूस. आदल्या रात्रीपर्यंत माझ्या बाजूचा असलेला एक माणूस."

वर्ना रस्त्याकडे पाहत होती.

"ओडेल असेल. नाही, ओडेल नाही. त्याची बायको गेली तेव्हा चार दिवस मी त्याच्या घरी होतो. म्हातारी मिस फेरेबी? तिला अक्षरं नीट दिसत नाहीत, चुकून भलत्याच ठिकाणी खूण केली असेल बिचारीनं. की तो प्रुइटांचा..."

"हार्लन, लोकांची नावं घेणं थांबव." तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. "ते मत माझं होतं."

तो हसला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

दार उघडून तो खाली उतरला. बांधाच्या कडेनं बराच पुढे चालत गेला. तिथं उभा राहून मोठ्यानं काहीतरी बोलला, ते तिच्याशी होतं की देवाशी, हे गाडीत ऐकू आलं नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. एकोणचाळीस वर्षांत तिनं चारचौघांत त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तो परत आला तेव्हा बूट चिखलानं माखले होते. तो सीटवर बसला, पण दार लावलं नाही.

"म्हणजे तुलाही वाटतं, मी चुकलो."

"तू बरोबर होतास. पहिल्या दिवसापासून."

"मग का?"

वर्नानं हात पुढे करून त्याच्या गळ्यातला टाय सोडवला, घडी करून मागच्या सीटवर ठेवला.

"त्यांनी राहा म्हटलं असतं, तर तू राहिला असतास."