बिलात नसलेली मजुरी

“यात तुमची मजुरी कुठंय?” वर्षानं बिल टेबलावर ठेवलं.

गलोंडा गावचे मिस्त्री खुर्चीवर बसायला तयार नव्हते. चपला बाहेर काढून ते दाराशीच उभे होते. “सिमेंट, रेती, टाइल्स, सगळं लिहिलंय बाई. पोरांची रोजीपण लिहिलीय.”

“आणि तुमची?”

“माझं काही नाही.”

रविवारची सकाळ होती. वर्षाचा नवरा नंदकुमार पेपर समोर धरून बसला होता, पण पान उलटत नव्हता.

मिस्त्री शेजारच्या मधुरानं सुचवले होते. काम चोख, पण पैशाला पक्का माणूस, असं तिनं बजावलं होतं. तिच्याकडून त्यांनी मजुरीचा रुपयान् रुपया वसूल केला होता. इथं मात्र पूर्ण स्वयंपाकघर नवं झालं. जुना ओटा तोडून नवा घातला. “इथं उभ्या राहा बाई,” म्हणून त्यांनी वर्षाच्या उंचीचं माप घेतलं, वाकून वाकून पाठ दुखू नये म्हणून. दुपारी पोरं डबा खायला बाहेर गेली की मिस्त्री तिनं केलेली भाकरी मागून घ्यायचे आणि सावकाश खायचे. तिला मिस्त्री आवडले होते. म्हणूनच हे बिल तिला टोचत होतं.

“मिस्त्री, फुकटचं काम मी घेत नाही. आकडा सांगा.”

“राहू द्या बाई.”

“का पण? आमचं तुमचं नातं काय?”

मिस्त्री फरशीकडं बघत राहिले. पेपरामागून नंदकुमार म्हणाला, “नको म्हणतायत तर सोड ना, वर्षा.”

त्याच्या आवाजातलं काहीतरी तिला खटकलं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. मिस्त्रींचं नाव निघाल्यावर ‘दुसरा कोणी बघ’ म्हणून त्यानं घातलेला वाद. काम चालू असेतो कारखान्यातून उशिरा येणं. मिस्त्री समोर आले की नजर चुकवणं. खेरडीच्या बाजूला कंपनीची नवी शेड उभी राहणार होती. तिचं काम कुणाला द्यायचं, ते नंदकुमार ठरवणार होता.

वर्षाचे वडील पाटबंधारे खात्यात होते. दिवाळीला कंत्राटदाराकडून मिठाईचा पुडा आला तर ते दारातूनच परत पाठवायचे. आपल्याला मागंपुढं कोणी नाही, असं नंदकुमार सांगायचा. तरी वर्षानं वडिलांचं मन वळवलं होतं ते एकाच भरवशावर. मुलाचा हात स्वच्छ आहे, असं तिनं सांगितलं होतं.

“शेडसाठी ना?” तिनं हळूच विचारलं.

नंदकुमारनं पेपर खाली ठेवला.

“खरं सांग. शेडचं काम यांना द्यायचं आणि त्याबदल्यात आपला ओटा फुकट. असंच ठरलंय ना?”

त्यानं एकदा मिस्त्रींकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग म्हणाला, “हो. तसंच ठरलंय.”

मिस्त्रींनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी नंदकुमारकडं सरळ पाहिलं. वर्षाला वाटलं, आता हे नाही म्हणतील, भांडतील. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

“हो बाई,” ते म्हणाले. “साहेब म्हणतात तसंच आहे.”

“या वयात असले धंदे करता? लाज नाही वाटत?”

“वाटते बाई.”

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की तिचा राग नवऱ्याकडं वळला. त्याच्याकडं मात्र तिला बघवेना. आत जाऊन तिनं माहेरून आलेल्या पैशांतून नोटा काढल्या. मधुरानं दिली होती त्याहून थोडी जास्तच मजुरी होती ती. बाहेर येऊन तिनं त्या मिस्त्रींच्या हातात कोंबल्या.

“आता हिशेब मिटला. शेडच्या कामाचं नाव काढायचं नाही. आणि या घराची पायरी पुन्हा चढू नका.”

मिस्त्रींनी नोटा न मोजता मुठीत धरल्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी एकदा ओट्याकडं पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि चपला घालून पायऱ्या उतरले.

“जा, फाटक लावून ये,” वर्षा भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “तुझ्यापेक्षा तो बरा. लाज वाटते म्हणाला तरी.”

नंदकुमार बाहेर आला. मिस्त्री फाटकाबाहेर सायकलचं कुलूप काढत होते. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो फाटकाला धरून उभा राहिला.

मिस्त्रींनीच सायकल वळवून त्याच्याजवळ आणली. इतका वेळ जपून बोललेली मराठी त्यांनी आता सोडून दिली.

“तुन्ही माय घर वाट देखत व्हई,” ते हळू आवाजात म्हणाले. “इचारी, सून कशी शे. काय सांगू तिले?”