दुसरी खुर्ची

सासूबाईंची सून देशोदेशी पसरलेल्या एका मोठ्या संस्थेची उपप्रमुख होती. प्रमुख विमानाने फिरून भाषणं ठोकायचे आणि मागे जुंपलेली भांडणं सून निस्तरायची. प्रमुख निवृत्त झाले, तेव्हा ‘आता खुर्ची आमच्या सूनबाईचीच’ अशी दवंडी सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत पिटली.

संध्याकाळी सून आली ती तोंड पाडूनच.

“दुसऱ्याच कुणाला तरी बसवलं, आई. म्हणाले, तुमच्यासारखी निभावून नेणारी पुन्हा मिळायची नाही, तुम्ही आहात तिथेच राहा. नव्या साहेबांना काम तेवढं शिकवा.”

“मेले लबाड!” सासूबाई कडाडल्या. “गोड बोलून राबवून घ्यायचं आणि मान द्यायची वेळ आली की हात आखडायचा! आणि तू मुकाट्याने ऐकून घेतलंस?”

“घरी सवय झालीय ना,” सून हात धुता धुता म्हणाली. “उद्या पाहुणे यायचेत. जेवायला काय करायचं, ते ठरवलंत का तुम्ही?”

सासूबाईंना बाण बरोबर लागला. मग त्या मोठ्या मनाने म्हणाल्या,

“उद्याचं सगळं तूच ठरव गं बाई. फक्त मला विचारून ठरव.”