झाकलेला ठिपका

नखातली काळी शाई साबणानंही निघेना. कालच मृण्मयीनं सरांच्या प्रयोगासाठी वीस विषारी फुलपाखरांच्या पंखांवरचे लाल ठिपके शाईनं झाकले होते. तो ठिपका दिसला, की पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

आता झाडाखाली पंखांचा सडा पडला होता आणि फांदीवर एक कोतवाल पक्षी मान वाकडी करून ओकत होता.

"सर, पक्ष्यांनी खाल्ली हो ती," तिनं फोनवर सांगितलं.

"वा! म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध झालं. उद्या आणखी चाळीस रंगव."

तिनं फोन ठेवला. एक पंख उचलून तिनं उन्हात धरला. शाईआडून लाल ठिपका अजूनही दिसत होता. तो बिचारा शेवटपर्यंत बजावतच होता. तिनंच त्याचं तोंड दाबलं होतं.