एका दमात

“हं, मास्तर, एका दमात,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तक्त्यावर पेन टेकवलं.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. म्हणजे जेवढी भरली तेवढी. एक, दोन, तीन. चार दिवसांपूर्वी पावलांत शिरलेलं लुळेपण जिना चढावा तसं गुडघे, कंबर करत आता छातीशी येऊन ठेपलं होतं. नसांचा आजार. उतरेल, पण आधी चढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. श्वासात किती बळ उरलंय ते कळावं म्हणून दर दोन तासांनी ही अंकमोजणी. दहा वाजता सव्वीस. बाराला एकोणीस. पंधराच्या खाली गेले की खालचा मजला, घशात नळी, नळीला यंत्र. हे डॉक्टर दाराबाहेर हळू आवाजात बोलले होते. पण आजार अजून मास्तरांच्या कानांपर्यंत पोचला नव्हता.

दहा, अकरा, बारा. दम संपला. मास्तर खोकले. खोकल्याच्या आडून एक चोरटा श्वास आत ओढला आणि तेरापासून बावीसपर्यंत गाडी सुसाट सोडली.

“वाढले की हो,” बायको म्हणाली. सिस्टरांनी बावीस लिहिलं.

चौतीस वर्षं मास्तरांनी कॉपी करणारी पोरं पकडली होती. बाहीतल्या चिठ्ठ्या, पट्टीवर कोरलेली सूत्रं, खोकून उत्तर सांगणारी एक अख्खी टोळी. त्याच टोळीत आपला नंबर लागेल आणि तोही निवृत्तीनंतर, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सिस्टरांनी त्यांची मान हातावर तोलून उशी बदलली. “चारला येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

“मी पोरीला फोन करून येते,” बायको म्हणाली. “सकाळपासून तोंडात घास नाही तिच्या.”

एकटे पडल्यावर मास्तरांनी हळू आवाजात, न खोकता मोजून पाहिलं. अकरा. भिंतीवर दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. पुन्हा मोजलं. नऊ. घंटीचं बटण बोटाखालीच होतं. बोट बटणावर होतं, बटण मात्र दबत नव्हतं. हाक मारायला गेले, तर ती ओठांपर्यंत येऊन बसली.

शेजारच्या खाटेवर पायाला वजन टांगलेला माणूस होता. तो त्यांच्याकडे बघून हसला. “बावीस म्हणे. झकास काम, मास्तर. आता पडा निवांत.” आणि शेजारधर्म म्हणून त्याने हात लांबवून मधला पडदा सारला.

चार वाजायला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. आयुष्यभर गणित शिकवलेलं, वजाबाकी चुकेना.

आठ.

पडदा हलला. सिस्टर. वेळ झालेली नसताना.

“बाराला तुम्ही मान स्वतः उचलली होतीत,” त्या म्हणाल्या. “मघाशी उशी बदलताना मला उचलावी लागली. टेबलाशी जाऊन पेन ठेवलं, तेव्हा डोक्यात आलं. मान पडते आणि आकडा चढतो, असं होत नाही, मास्तर.” त्यांनी तळहात त्यांच्या छातीवर ठेवला. “परत मोजा. आणि खोकायचं नाही.”

मास्तर सहाला थांबले.

सिस्टरांनी काही लिहिलं नाही. घंटी दाबली, ती दाबूनच ठेवली, दुसऱ्या हाताने मास्तरांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क बसवला. दोन वॉर्डबॉय धावत आले. एकाने पायाने खाटेचा ब्रेक सोडला.

“रागवायचं ते नंतर रागवेन,” त्या खाटेबरोबर धावत म्हणाल्या. “आता तुम्ही मोजू नका. नुसता श्वास घ्या, मी मोजते. एक. घ्या. दोन.”

तीनला जरा वेळ लागला.

वळणावर खिडकीपाशी, पाठमोरी, बायको फोनवर बोलत होती. “अगं, बावीस. मी माझ्या कानांनी ऐकले. आता घास पोटात ढकल बघू.” मागून चाकांचा खडखडाट आला तशी ती न वळता भिंतीला चिकटली. “थांब हं जरा. कुणाला तरी नेतायत, वाट देते.”