पळसाच्या पानांचा लेक

मेलेली माणसं कपाशीतून चालत येत होती आणि भागाबाई खिडकीमागे मुसळ घेऊन उभी होती. मुसळ फोमचं, फुलासारखं हलकं. हैदराबादहून आलेल्या सिनेमावाल्यांनी तिला तीनदा समजावलं होतं: हात आत आला की मारायचं, जोरात मारायचं, कुणाला काही लागत नाही.

एका जुन्या परदेशी सिनेमावरून ते नवा बनवत होते. त्यात मेलेले उठतात, रानातल्या एकट्या घराला वेढा घालतात आणि जित्या माणसांना फाडून खातात. नार्नूरकडच्या त्या गावात तसं एकटं घर एकच, भागाबाईचं. मेलेल्यांच्या कामाला सगळं गाव लावलं होतं. कुणाच्या तोंडाला राख, कुणाच्या गळ्याला लाल रंग. चंपतराव दुकानदाराला बघून भागाबाई सुनेच्या कानाशी लागली होती, की याले रंग लावाचं कामच नव्हतं, हा जेवल्यावर असाच चालते. दामिनी तोंडात पदर कोंबून हसली होती.

ते हसू या घरात यायला सहा वर्षं लागली होती.

भागाबाईचा एकुलता लेक राजकुमार घरात होता तोवर दामिनी हसली नाही. त्यानं तिचा हात चुलीत धरला होता. त्या हाताची दोन बोटं अजून मिटत नव्हती. मध्ये पडली म्हणून आईचे दोन दात पाडले होते. मग एका सकाळी तो निघून गेला. तीन वर्षं ना सांगावा, ना फोन. शेवटी भागाबाईच जाणत्यांकडे गेली. लेक सपनात येते म्हणाली, उंबऱ्याशी उभा राहून पाणी मागते. ज्याचं अंग सापडत नाही त्याला पळसाच्या पानांचा करून जाळतात. डोक्याला चाळीस पानं, गळ्याला दहा. पानांचे हात, पानांचे पाय, पानांचीच छाती. तो पानांचा लेक तिनं आपल्या हातानं बांधला, न्हाऊ घातला, आगीला दिला. गावानं तेरवी जेवली. वर्षानंतर तिनंच दामिनीचा पाट लावून दिला, उटनूरकडच्या गोपाळशी. भाजीपाला पिकवणारा गरीब माणूस. तो याच घरी राहायला आला. दामिनीला आता पाचवा महिना लागला होता.

डायरेक्टरनं हात खाली केला. मेलेले जवळ आले, माना टाकून, पाय ओढत. एक मात्र पाय ओढत नव्हता. तो सरळ येत होता. त्याच्या तोंडावर राख नव्हती, रस्त्याची धूळ होती. हातात विळा होता.

शेजारी उभ्या दामिनीनं त्याला आधी ओळखलं. तिची बोटं सासूच्या दंडात रुतली.

खिडकीच्या फळ्या मोडण्यासाठीच कच्च्या ठोकल्या होत्या. पहिल्या लाथेत दोन गेल्या. राजकुमारनं हात आत घातला, दामिनीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. परत आपटलं. भुवई फुटली. बाहेर डायरेक्टर खूश होऊन हिंदीत सांगत होता, असंच चालू द्या, कुणी थांबू नका.

"मी मेलो काय?" राजकुमार म्हणाला. हळू, जवळजवळ लाडानं. "मंग चाल. तूबी चाल माह्यासंगं."

विळा तिच्या पोटाकडे वळला. भागाबाईनं मुसळ हाणलं. ते त्याच्या टाळक्यावर वाकलं आणि आपोआप सरळ झालं. राजकुमार हसला. तिनं ते फेकून दिलं.

कोपऱ्यात उखळापाशी तिचं स्वतःचं मुसळ उभं होतं. बाभळीचं, टोकाला लोखंडी कडं. याच मुसळाच्या घावाघावावर ओवी म्हणत तिनं पाठीशी बांधलेल्या राजकुमारला झोपवलं होतं.

पहिला घाव मनगटावर बसला. हाड पऱ्हाटीच्या काडीसारखं मोडलं, विळा पडला, कळेसरशी वेणीही सुटली. तरी तो अर्धा आत आला, दुसऱ्या हातानं सुनेचा गळा धरायला. दुसरा घाव कानशिलावर. तिसराही तिथंच. त्या घावाचा आवाज ओला होता.

डायरेक्टरनं कट म्हटलं. कपाशीत टाळ्या उठल्या. राखेनं माखलेला गोपाळही टाळ्या वाजवत होता. त्यानं राजकुमारला जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि बाकीच्यांना नुसती पाठ दिसत होती. मग भिंतीवरून रक्ताचा ओघळ उतरला, आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. गोपाळ घराकडे पळत सुटला.

राजकुमार चौकटीवर पोटाशी दुमडून लोंबत होता. भागाबाईनं मुसळ ठेवलं आणि त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. रक्त तिच्या मानेवरून चोळीत उतरत गेलं. त्याचे ओठ हलले.

"माये," तो म्हणाला, "मी जिता होतो. तुले माईत नव्हतं?"

तिनं पदराच्या टोकानं त्याचा डोळा पुसला. तान्हा असताना फिसकटलेलं काजळ पुसायची, तसा.

"माईत होतं, बापा. निर्मलच्या बाजारात तुले म्या ह्याच डोळ्यानं पायलं. त्याच सांजेले पळसाची पानं तोडली."