बरोबर दहा व्होल्ट

सयाजी चहा सांगायला दुकानाबाहेर गेला, तसा दस्तगीरनं आपल्या मीटरच्या दोन्ही वायरी सयाजीच्या डबीला लावल्या. काटा पावणेदहावर थांबला.

“म्हनं बरोबर दहा!” तो स्वतःशीच पुटपुटला.

डबीत नखाएवढी आयसी, म्हणजे चिप होती. काही झालं तरी ती दहाच व्होल्ट देते, बाकीचे मीटर तिच्यावर तपासायचे, असं सयाजी गावभर सांगत सुटला होता. फौजेच्या सिग्नल तुकडीतून सुटला, पुण्याच्या प्रयोगशाळेतून डबी बरोबर दहावर लावून, तसा कागद घेऊन आणली आणि कडेगावात दुकान थाटलं. वीस वर्षं साखर कारखान्याचे मीटर दस्तगीरच तपासत आला होता. सयाजीच्या हातात सोल्डर पहिल्यांदा त्यानंच दिलं होतं. गुरूची विद्या गुरूलाच फळली! उद्या कारखान्याचे इंजिनियरसाहेब इथं येऊन काम कुणाला द्यायचं ते ठरवणार होते. ते पुण्याचा कागद बघणार आणि वीस वर्षांचा मीटर खोटा ठरवणार. दस्तगीरचा नुसता जळफळाट चालला होता.

डबीच्या कडेला एक बारीक स्क्रू होता. तो हलू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशचा थेंब दिलेला. दस्तगीरनं आपल्या स्क्रूड्रायव्हरनं थेंब फोडला आणि आपला काटा दहावर येईपर्यंत स्क्रू फिरवला. आता नाच म्हणावं माझ्या तालावर! तेवढ्यात सयाजीची पावलं वाजली. दस्तगीर घाईनं स्टुलावर जाऊन बसला. चहा त्याला भलताच गोड लागला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुण्याहून नुकताच तपासून आलेला मीटर डबीला लावला. सव्वादहा.

“सयाजी, तुझी डबी चुकते.”

दस्तगीरला आभाळ ठेंगणं झालं. त्या भरात कालचं भानच राहिलं नाही.

“आता माजा लावा, साहेब!”

साहेबांनी लावला. काटा बरोबर दहावर.

“म्हणजे तुमचाही चुकतो. आणि दोघं चुकता तेही अगदी सारखं? हे कसं काय?”

दस्तगीरला आता कुठं कालचा स्क्रू आठवला. फुटलेल्या थेंबाकडे सयाजीनं नुसतं बोट दाखवलं असतं, तरी काम त्याचंच होतं.

“पुन्याहनं आल्यावर चाचांच्या मीटरवर लावलीया डबी,” सयाजी म्हणाला. “शिकीवलं त्यांनी, मग दुसऱ्या कुनावर लावनार, साहेब?”

कारखान्याचे मीटर तपासायला पुण्याला पाठवायचं ठरलं. साहेब गेले.

सयाजीनं खणातून स्क्रूड्रायव्हर काढून दस्तगीरच्या हातात दिला.

“चाचा, काल हितंच इसरला व्हता.”

टोकाचा लाल रंग त्यानं पुसून ठेवला होता.